ढोल आणि कान

भांडण गाडीतच सुरू झालं. गाडी माझी नणंद चालवत होती आणि तोंडही तिचंच चालू होतं.

"वहिनी, स्कॅनरचा वर्षभराचा परवाना घेतलाय. वापरायचा नसेल तर घेतला कशाला?"

"तेच विचारतेय मी. वन्सं, तुम्ही घेतलात कशाला?"

'वन्सं' आणि 'तुम्ही' ऐकल्याबरोबर तिने ओठ आवळले. ती माझ्याहून लहान आहे, एरवी मी तिला अगं-तुगंच करते. पण डोकं तापलं की मी एकदम मानाने बोलायला लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा नवरा तर 'वन्सं' एवढं ऐकलं तरी उठून दुसऱ्या खोलीत जातो. बहीण आणि बायको यांच्यामध्ये न पडण्याइतका शहाणा आहे तो.

आमचा दोघींचा धंदा सांगायला सोपा आहे. कंपन्या आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, आमच्या नेटवर्कमध्ये घुसून दाखवा. आम्ही लेखी परवानगी घेतो, घुसतो, कुठून घुसलो ते रिपोर्टमध्ये लिहितो आणि खरा चोर यायच्या आत ते भोक बुजवा म्हणून सांगतो. याला पेन-टेस्टिंग म्हणतात. सासूबाई शेजारणींना सांगतात की सून आणि लेक मिळून पेनं तपासतात, आणि एवढ्याशा कामाला दोघी कशाला लागतात ते त्यांना काही कळत नाही. गिऱ्हाईक आणणं, करार करणं, गोड बोलणं हे वन्संचं खातं. घुसणं माझं. रिपोर्टखाली सही मात्र तिची असते, कारण कंपनी तिच्या नावावर आहे.

त्या स्कॅनरला मी ढोल म्हणते. एकदा चालू केला की तो नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनच्या दारावर धडाधड ठोकत सुटतो. कोण आहे? दार उघडं आहे का? कुलूप कुठलं? किती जुनं? शेवटी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचा देखणा रिपोर्ट काढून देतो, आणि तो बघून मोठमोठे साहेब खूश होतात. ढोल वाईट नाही, मीही तो वापरते. पण कुठे वापरायचा हे कळायला हवं. जुनी, नाजूक मशीनं एवढ्या ठोकाठोकीने मान टाकतात. एकदा एका ऑफिसातल्या प्रिंटरने घाबरून कागदाचा अख्खा गठ्ठा अगम्य अक्षरांनी भरून काढला होता. तो प्रिंटर होता म्हणून सगळे हसले.

आज आम्ही जिथे चाललो होतो तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. कंपनी ऑक्सिजनची होती. ती सिलिंडर भरते आणि दवाखान्यांना, घरांना पाठवते. त्यांतलं एक सिलिंडर आमच्या घरी सासूबाईंच्या पलंगाशेजारी उभं असतं. त्यांची फुप्फुसं दमली आहेत. दिवसातला बराच वेळ नाकाला नळी लावून त्या पडून असतात आणि नळी लावलेली असतानाही आमच्या चुका काढतात.

त्या कंपनीत कुणी घुसू शकत असेल, तर ते मला कळायलाच हवं होतं. रिपोर्टमध्ये सगळं ठीक आहे असं लिहायचं, तर ते खरंच ठीक असायला हवं. एरवीही मी हट्टी आहे, पण या कामात मी जिवावर उदार होऊन भांडायला तयार होते, आणि पहिलं भांडण घरच्याच माणसाशी जुंपलं होतं.

"भरणीच्या भागात जुनी मशीनं असणारच," मी म्हटलं. "तिथे ढोल नाही वाजवायचा."

"बरं बाई. त्यांच्या नेटवर्कवाल्या साहेबांना विचारू. ते सांगतील तसं."

नेटवर्कवाले साहेब दारातच उभे होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला एकच पेन, तेही टोपण लावलेलं. त्यांनी आम्हाला सर्व्हर रूम दाखवली आणि मी मनातल्या मनात त्यांचं नाव टापटीपराव ठेवून टाकलं. केबली अशा बसवल्या होत्या की जणू कुणी सकाळी उठून तेल लावून विंचरल्या असाव्यात. प्रत्येक केबलवर छोटं लेबल, आणि लेबलावर त्यांचंच अक्षर होतं, सरळ, टपोरं, एकही काना खाली-वर नाही. धुळीचा कण नव्हता. मला आवडलं ते. पसारा करणारी माणसं मला सहन होत नाहीत.

त्यांनी परवानगीचा कागद पुढे केला. वापरायच्या टूल्समध्ये एकच नाव होतं, ढोलाचं.

"तुमच्या मॅडमनीच सुचवलं," ते म्हणाले.

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम छताकडे बघत होत्या.

"भरणीच्या मशीनवर हे चालवायचं नाही ना?" मी विचारलं. "तिथे काही बंद पडलं तर?"

"छे हो, सगळीकडे चालवा. बिनधास्त."

बिनधास्त हा शब्द मला खटकला. इतक्या वर्षांत एकाही नेटवर्कवाल्याने मला बिनधास्त म्हटलेलं नाही. उलट ते हातापाया पडतात. या मशीनला हात लावू नका, ते मशीन झोपलंय त्याला उठवू नका, हे रविवारी करा, ते करूच नका. आणि इथे ऑक्सिजन भरणारा माणूस म्हणतोय, वाजवा ढोल कुठेही. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"आणखी एक टूल लिहा," मी म्हटलं. "मला नुसतं ऐकायचंय."

"म्हणजे?"

"एक छोटासा प्रोग्राम आहे. कुणाला काही विचारत नाही, कुठे ठोकत नाही. नेटवर्कवर मशीनं मोठ्याने जे बोलतात तेवढं ऐकून घेतो."

टापटीपराव हसले. "ऐका की. आमच्याकडे ऐकण्यासारखं काय असणार?"

"लेखी द्या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्या टपोऱ्या अक्षरात ढोलाच्या खाली माझं दुसरं टूल लिहिलं. घरी मी त्याला कान म्हणते.

त्या दिवशी ढोलच वाजवला. कारखान्यात मी तो अगदी हळू चालवला, पोराच्या पाठीवर थोपटावं तसा, आणि दर वेळी खाली फोन करून विचारलं की सगळं सुरू आहे ना. सगळं सुरू होतं. संध्याकाळी रिपोर्ट आला. हिरवागार. कुठे कुठे पिवळा ठिपका. इतकं स्वच्छ नेटवर्क मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"बघ," वन्सं म्हणाली. "माणूसच टापटीप आहे."

परतीच्या वाटेवर ती शीळ घालत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आलो तर सासूबाईंच्या हाका चालू होत्या. "माझं भिंग कुठंय? अगं, भिंग कुठंय माझं?" नवीन सिलिंडर आलं होतं. सिलिंडर आलं की त्याच्या गळ्यातलं लेबल भिंगातून वाचायचं, आतल्या ऑक्सिजनची शुद्धता किती, दाब किती हे सगळ्यांना ऐकवायचं, हा त्यांचा रिवाज. आदल्या दिवशी डॉक्टर येणार म्हणून वन्संनी खोली आवरली होती. तिचं आवरणं म्हणजे दिसेल ते उचलून कपाटात कोंबायचं आणि कपाटाला पाठ लावून दार बंद करायचं. भिंग त्यातच गेलं होतं. प्रत्येक हाकेला आईंना धाप लागत होती, तरी हाक थांबत नव्हती. मला ते बघवेना. मी कपाट उघडलं, अंगावर पडलेल्या ढिगातून भिंग शोधलं आणि त्यांच्या हातात दिलं. हाक थांबली.

"यावेळी हातानं लिहिलंय गं," लेबल डोळ्यांशी नेत त्या म्हणाल्या. "दर वेळी छापलेलं असतं. आणि अक्षर तर बघ, मुंग्या चालल्यासारखं."

"असेल काहीतरी," मी म्हटलं. माझं लक्ष नव्हतं. डोक्यात तो बिनधास्त घोळत होता.

दुसऱ्या दिवशी वन्संनी सकाळीच फर्मान काढलं. रिपोर्ट तयार आहे, दुपारी सही करून देऊन टाकू, कामाचं नाव होईल आणि पुढचं वर्षही आपल्यालाच मिळेल.

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "मला ऐकू दे."

"हिरव्यात काय ऐकणार तू?"

"थांबायचं म्हटलं ना, वन्सं."

ती थांबली.

पाहुण्यांना बसवतात त्या खोलीत मला जागा दिली होती. एक टेबल, भिंतीत नेटवर्कची जोडणी, कोपऱ्यात सुकत चाललेली कुंडी. मी लॅपटॉप जोडला, कान लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले. हे काम दिसायला इतकं रिकामटेकडं दिसतं की चहा घेऊन आलेला माणूस दोनदा विचारून गेला, लाइट गेलीय का.

मशीनांची एक खोड आहे. शेजारच्या मशीनशी बोलायचं असलं की ती आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतात. अमक्या पत्त्यावर कोण आहे? ज्याचा तो पत्ता असतो ते मशीन 'मी आहे' म्हणून हळूच उत्तर देतं, आणि मग पुढचं बोलणं त्या दोघांचं खासगीत होतं. ते उत्तर मला ऐकू येत नाही. मला फक्त हाका ऐकू येतात. पण उत्तर मिळालं की हाक थांबते, आणि नाही मिळालं की पुन्हा येते. पुन्हा येते. पुन्हा येते.

पडद्यावर हाका सरकत होत्या. बहुतेक एकदा यायच्या आणि गप्प व्हायच्या. एकच पत्ता असा होता की त्याच्या हाका काही केल्या थांबेनात. हिशेब विभागाचं मशीन त्याला बोलावत होतं. माल पाठवणाऱ्या विभागातली मशीनं बोलावत होती. भरणीच्या भागातले पडदे तर जिवाच्या आकांताने बोलावत होते. कोण आहे तिथे? कोण आहे तिथे? आणि तिथे कुणीच नव्हतं.

मी ढोलाचा रिपोर्ट उघडला. त्या पत्त्यापुढे काहीच नव्हतं. असणार कसं? ढोल दार ठोकतो. घरात जे नाही, त्याच्याबद्दल तो काय सांगणार? त्याने ती रिकामी जागा पाहिली, पुढे गेला आणि बाकी सगळं हिरवं रंगवलं.

जुनं मशीन कधीतरी भंगारात गेलं असेल, पण बाकीच्यांना कुणी सांगितलं नसेल, असंही होतं. मीही आधी तेच म्हटलं. पण मग मला आईंच्या हाका आठवल्या, त्यांच्या हातातलं लेबल आठवलं, आणि मी खुर्चीवरून उठले ती थेट खाली भरणीच्या हॉलमध्ये गेले.

तिथे सिलिंडरं रांगेत उभी होती, नळ्या लागलेल्या, वर काटे थरथरताहेत. एक बाई हातात गठ्ठा घेऊन काट्यावर बघत लेबलं लिहीत होती. भिंतीवरचे पडदे काळे होते, कोपऱ्यात नुसतं 'जोडणी शोधतोय' एवढंच.

"पडदे बंद आहेत?" मी विचारलं.

"सोमवारपासून. लेबलंही छापून येत नाहीत. बोटं मोडली लिहून लिहून." तिने मान वर न करता सांगितलं. "माझं अक्षर आधीच दिव्य. पण परवापर्यंतच म्हणाले साहेब. ते तपासणीवाले गेले की परत चालू करणार."

"असं होय."

"तुम्ही कुठल्या?"

"तपासणीवालीच."

बाईने जीभ चावली आणि पुढचं लेबल फार लक्ष देऊन लिहायला घेतलं. मला तिची दया आली. तिचा यात काही दोष नव्हता.

माझा मात्र पारा चढला होता. जिना चढताना मी स्वतःलाच बजावत होते, ओरडायचं नाही, ओरडायचं नाही. सर्व्हर रूममध्ये टापटीपराव आणि वन्सं हसून काहीतरी बोलत होते. विंचरलेल्या केबलींच्या रांगेत मला आता दात पडल्यासारखी एक फट दिसली. तिथलं लेबलही काढलेलं होतं, फक्त त्याचा चिकट चौकोन उरला होता.

"साहेब," मी म्हटलं, "आमच्या घरी पाहुणे येणार असले की या मॅडम सगळा पसारा एका कपाटात कोंबतात. तुम्ही कुठल्या कपाटात कोंबलाय?"

"वहिनी!"

"थांब तू जरा. साहेब, भरणीचं मशीन. त्याला अख्खी कंपनी हाका मारतेय. केबल तुम्ही काढलीत, हो की नाही?"

टापटीपरावांनी आधी कानावर हात ठेवले. मग जुनं मशीन होतं म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून खुर्चीत बसले. त्यांचा कडक शर्ट एकदम ढिला वाटायला लागला.

"तुमचं ते स्कॅनर लावलं असतं तर ते मशीन बंदच पडलं असतं," ते म्हणाले. "फार जुनं आहे. ते बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणंही सोडून दिलंय. दर वर्षी मी वर सांगतो, बदला. दर वर्षी म्हणतात, चालतंय ना, मग चालू दे. आता तुमच्या रिपोर्टमध्ये लाल रंग दिसला की पहिला मी घरी. म्हातारा झालोय मी, मला कोण नोकरी देणार?"

हे सगळं खरं होतं, आणि तरी ते पुरेसं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

वन्संनी घसा साफ केला. "हे बघ वहिनी, करारात काय आहे? नेटवर्कला जे जोडलेलं असेल ते तपासायचं. ते मशीन जोडलेलं नाही. म्हणजे नियमाने…"

"परवा आपण गेलो की जोडणार आहेत ते."

"ते आपल्याला कुठे ठाऊक आहे? अधिकृतपणे?"

वेळ मारून नेण्यात वन्सं तरबेज आहे. एरवी मला त्याचं कौतुकच आहे, तिच्यामुळे आमचा धंदा चालतो. पण त्या क्षणी मला तिचा हात धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"काल आईंच्या सिलिंडरवरचं लेबल हातानं का लिहिलं होतं, कळलं का तुम्हाला?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "हे मशीन नेटवर्कवरून काढलं होतं म्हणून. परवा ते चालू होईल. कुणीही त्यात शिरेल आणि वाटेल ते करेल. आणि त्या दिवशी आईंना जे सिलिंडर लागेल, ते भरणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टवर तुमची सही असेल. हिरव्या रिपोर्टवर. करा सही. मी पेन देते."

मी खरंच पेन पुढे केलं.

"तुमच्या आई?" टापटीपराव म्हणाले. "आमचं सिलिंडर लावतात?"

वन्सं त्या पेनाकडे बघत होती. तिचा चेहरा तिच्या आईसारखा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा इतकं ठळक दिसलं. मग तिने माझा हात बाजूला सारला आणि टापटीपरावांना म्हणाली, "उठा. मोठ्या बाईंकडे जाऊ. तुम्ही काय केलं ते तुम्हीच सांगायचं. दर वर्षी काय मागितलंत तेही सांगा. आम्ही शेजारी उभ्या राहतो."

मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टापटीपरावांनी काहीही लपवलं नाही, फक्त बोलताना खिशातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. बाई म्हणाल्या, "पण त्यात खरंच शिरता येतं कशावरून? भीती तर सगळेच घालतात."

"केबल लावा, दाखवते," मी म्हटलं.

"आणि ते बंद पडलं तर?" टापटीपराव कळवळले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वन्संनी विचारलं, आणि या वेळी तिच्या आवाजात गाडीतलं भांडण नव्हतं, "वहिनी, कुठलं टूल?"

"कुठलंच नाही. ढोल तर मुळीच नाही. एकच प्रश्न विचारायचा, हातानं, हळू. आणि भरणी थांबलेली असताना."

पाळी बदलायची वेळ गाठली. सिलिंडरांच्या नळ्या काढलेल्या होत्या. लेबलवाली बाई मुख्य झडपेवर हात ठेवून उभी राहिली, फोन तिच्या कानाला. परवानगीच्या कागदावर मोठ्या बाईंनी नवी ओळ घातली आणि सही केली. टापटीपरावांनी स्वतःच्या हाताने केबल बसवली. बसवलीही सरळच.

मी त्याच पाहुण्यांच्या खोलीत बसले, जिथे कुणीही आगंतुक येऊन बसू शकतो. मोठ्या बाई आणि वन्सं माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. कान लावून बघितलं तर हाका एकेक करून थांबत होत्या. घरचं माणूस परत आलं होतं. जुन्या मशीनचा पडदा दुसरीकडून बघता यावा म्हणून कुणीतरी कधीकाळी त्यात एक प्रोग्राम बसवला असणार, असा माझा अंदाज होता. मी पत्ता हातानं टाकला आणि दारावर एकदाच टकटक केली.

पासवर्ड विचारलाच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. लॅपटॉपवर भरणीच्या मशीनचा पडदा जसाच्या तसा उघडला. झडपांची चित्रं, दाबाचे आकडे, आणि एका चौकोनात तो आकडा, ज्याच्या खाली ऑक्सिजनची शुद्धता गेली की भोंगा वाजतो. माउसचा बाण त्या चौकोनावर गेला मात्र, त्यात कर्सर लुकलुकायला लागला. तो आकडा बदला म्हणून मला जणू मशीनच विनवत होतं. तिथे कितीही लहान आकडा घातला असता, तरी भोंगा गप्प राहिला असता आणि खराब भरलेलं सिलिंडर लेबल लावून गाडीत चढलं असतं.

मी दोन्ही हात वर उचलले, अगदी खांद्यापर्यंत, कुणी बंदूक रोखावी तसे.

"हा इथून बदलता येतो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो."

"कुणालाही?"

"या खोलीत बसलेल्या कुणालाही. मी हात लावणार नाही. तुम्ही बघितलंत, पुरे." मी जोडणी तोडली. फोनवर खालची बाई म्हणाली की खाली सगळं ठीक आहे, काटा हललेला नाही.

वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तो हात गार पडला होता.

रिपोर्ट तिने स्वतः लिहिला. पहिल्याच पानावर, लाल रंगात. चाचणीसाठी हे मशीन नेटवर्कवरून काढलं होतं, हेही लिहिलं, आणि ते काढणाऱ्यानेच स्वतः सांगून परत जोडलं, ते बदलण्याची मागणी तो दर वर्षी करत होता, हेही लिहिलं. उपाय मी सांगितला. टापटीपरावांनी लपवण्यासाठी जे केलं, तेच आता उघडपणे करा. केबल काढा आणि काढलेलीच राहू द्या. भरणीसाठी वेगळं, कुणाशी न जोडलेलं नेटवर्क होईपर्यंत लेबलं हातानं लिहा.

मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "माल पाठवणारे बोंब मारतील. काम दुप्पट होईल."

"होऊ दे."

"बघू," त्या म्हणाल्या. "वर बोलते."

बघू! एवढं सगळं करून बघू. परतताना गाडीत मी इतकी धुसफुसत होते की काच धुरकटली. आमचं काम रिपोर्ट देण्यापर्यंतच. पुढे केबल काढायची की नाही, ते त्यांच्या हातात. मी ओरडू शकत नव्हते, रोज जाऊन बघूही शकत नव्हते. वन्सं म्हणाली, "कळेल." मी विचारलं, कसं? तिने गाडी चालवता चालवता म्हटलं, "पुढचं सिलिंडर येईल ना."

पुढचं सिलिंडर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. दाराची घंटा वाजली की मी आधी धावायचे. एकदाचं ते आलं. ढकलगाडीवरून आत आलं, पलंगाशेजारी उभं राहिलं. आईंनी हात पुढे केला. भिंग आता कपाटात नसतं, उशाशीच असतं. हे वन्संनीच सुरू केलंय.

"छापलेलं आहे का?" मी विचारलं.

"अगं, नीट लावू तरी दे." त्यांनी लेबल डोळ्यांशी नेलं. वन्सं दारात येऊन उभी राहिली होती, हात ओले तसेच. "हातानंच लिहिलंय. परत मुंग्याच."

"नक्की?"

"आंधळी आहे का मी? हातानंच आहे. आणि खाली आणखी कुणाची तरी सही आहे. ती मात्र बघ, काय सुरेख अक्षर आहे."

मी वाकून बघितलं. शुद्धतेच्या आकड्याखाली 'तपासलं' असं लिहिलं होतं. सरळ, टपोरं, एकही काना खाली-वर नाही. मी लेबल वन्संकडे फिरवलं. तिने वाचलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "वहिनी, त्या ढोलाचा परवाना परत करता येतो का बघते."

"राहू दे गं," मी म्हटलं. "लागेल कुठेतरी."

आईंनी नळी नाकाला लावून घेतली, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून तो ऐकत राहिलो.